अण्णांचं आजारपण आणि माझं इटालियन चिकन

मी आयुष्यात एकदाच घरच्यांसाठी चिकन केलं, आणि त्याच दुपारी आमचे अण्णा गंभीर आजारी असल्याची बातमी अख्ख्या सोसायटीत पसरली.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय सत्तरीपुढचं, दात स्वतःचे आणि कोंबडीवरची निष्ठा अढळ. आम्ही मूळचे कोकणातले, विरारला फ्लॅट घेऊन स्थिरावलेले. श्रावण लागला की आमच्याकडे सामिष बंद, ते थेट गणपती गावाला जाईपर्यंत! त्यामुळे गटारीचा रविवार म्हणजे अण्णांची खरी दिवाळी. माझी बायको सुनंदा आदल्या दिवशीच वाटणाचं खोबरं भाजायला घ्यायची. आणि त्या वर्षी नेमकी त्याच शनिवारी मला इटालियन व्हायची बुद्धी झाली.

त्याचं असं झालं, ऑफिसच्या पार्टीत मी एका मोठ्या हॉटेलात लिंबू-बटरच्या सॉसमधलं इटालियन चिकन खाल्लं होतं. (कंपनीच्या खर्चाने. स्वतःच्या खर्चाने मी तिथे पाणीसुद्धा प्यायलो नसतो.) त्यात घरी नवीनच आलेल्या केबलवर एक बाई तेच चिकन हसत हसत करताना दिसली. झालं! मी जाहीर केलं, "उद्या स्वयंपाकघर माझं. वाटण-बिटण काही नको. जग कुठे चाललंय बघा जरा!"

"जग कुठेही जाऊ दे," सुनंदा म्हणाली, "अण्णांची कोंबडी कुठे चालली ते सांगा."

रविवारी चिकनवाल्याकडची रांग पार रस्त्यावर आली होती. माझा नंबर लागल्यावर मी ऐटीत म्हणालो, "बोनलेस!"

चिकनवाल्याचा सुरा हातातच राहिला. "साब, आज के दिन बोनलेस? घर में सब ठीक है ना?"

घरी येऊन मी तुकडे लाटण्याने बडवून चपटे केले, मैद्यात घोळवले आणि बटरमध्ये सोडले. सुनंदा दारात उभी.

"हळद?"

"नाही."

"आलं-लसूण?"

"इटलीत घालत नाहीत." (इटलीत लसूण पोत्याने खातात हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.)

"मग घालतात काय?"

"लिंबू, बटर, मीठ, मिरपूड."

"अहो, हे तर आपण टायफॉइडमधून उठलेल्याला देतो!"

तिच्या अज्ञानाची मला कीव आली. तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला आणि ती हंडे घेऊन गेली. त्या दिवशी बिल्डिंगच्या प्रत्येक खिडकीतून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि गरम मसाल्याचा घमघमाट सुटलेला, आणि आमच्या खिडकीतून लिंबू-मिरीचा. खाली कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे काय गं आज?" सुनंदा ओशाळून म्हणाली, "साधंच. बिनमसाल्याचं." गटारीला बिनमसाल्याचं चिकन! आणि घरात म्हातारं माणूस! बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुनंदाचे हंडे वर येईपर्यंत खाली अण्णांनी अंथरूण धरलं होतं.

इकडे मी धडधाकट अण्णांना ताट वाढत होतो. त्यांनी तो फिकट तुकडा बोटाने उलटा करून पाहिला.

"तंगडी खंय आसा?"

"अण्णा, बोनलेस आहे."

"आणि रस्सो?"

"हा सॉस काय तो."

अण्णांनी एक घास खाल्ला. पाणी प्यायले. मग ताट सरकवून म्हणाले, "आता गणपती जायसर हीच चव तोंडात रवतली." ते चिडले असते तरी चाललं असतं. त्यांचा तो पडलेला चेहरा बघून मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या, मूळ इथल्याच जूचंद्र गावच्या पाटीलमावशी. एका हातात शहाळं, दुसऱ्यात मोठा डबा.

"आन्ना, कसं वाटतंय आता? नारलाचं पानी आनलंय."

"माका काय झाला?" अण्णा.

मावशी माझ्या कानाशी लागल्या, "त्यांना सांगितलं पन नाय का रं तुम्ही?" मग सुनंदाला म्हणाल्या, "तुला पोरी रांधायचं कुठलं सुचनार! तुमच्यासाठी रस्सा आनलाय."

त्यांनी झाकण काढलं. लालभडक रस्सा, आणि वर दोन तंगड्या! अण्णांनी डब्याकडे पाहिलं, माझ्या सॉसकडे पाहिलं आणि क्षणात कॉटवर आडवे झाले.

"आई गे! जीव कसो कासावीस होताहा..."

आजारी पडलं की रस्सा मिळतो, एवढंच त्यांनी हेरलं होतं. कुणाला मिळतो, हे हेरायचं राहिलं! मावशींनी डबा सुनंदाच्या हाती दिला आणि स्वतः अण्णांच्या उशाशी बसल्या. "ह्यो मसाला तुम्हाला नाय. तुमचं पथ्याचं आहे ना इथं!" असं म्हणून त्यांनी माझं इटालियन चिकन कुस्करलं आणि घास थेट अण्णांच्या तोंडात घातला.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी नाईककाका मटणाचा डबा घेऊन आले. मागोमाग आणखी दोन-तीन बिऱ्हाडं. सगळे कॉटभोवती हळहळत उभे. मावशींनी दुसरा घास उचलला, आणि अण्णा ताडकन उठून बसले!

"माका बरां वाटता! एकदम बरां! वाढ गो सुनंदा, रस्सो वाढ!"

खोलीत कुजबुज झाली. नाईककाकांनी अण्णांची नाडी धरून पाहिली. (काका पोस्टात होते.) "चमत्कार आहे! एका घासात माणूस उभा!" पथ्याचं कुणी रांधलं म्हणून विचारणा झाली, सुनंदाने बोट दाखवलं आणि सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडणार, तोच अण्णांनी दोन्ही हातांत तंगड्या धरून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी ते मिटून घेतलं.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणाचा ताप उतरला किंवा टाके निघाले, की आमची बेल वाजते. इटलीचं नाव कुणीच घेत नाही, सगळे 'अण्णांचं पथ्य' म्हणतात. मी निमूटपणे लिंबू पिळतो. माझ्या हाताला गुण आहे म्हणे! मात्र आजवर एकाही धडधाकट माणसाने मला चिकन करायला सांगितलेलं नाही.