कोकराची विभक्ती

सनीव्हेलहून ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये माझ्यासमोर एक अमेरिकन आजी बसायच्या. डोळे मिटून "आर्नोस, आर्नी, आर्ना" असं पुटपुटायच्या आणि अडल्या की स्वतःच्याच गुडघ्यावर चापट मारायच्या. मला वाटलं, जप चाललाय. एकदा न राहवून विचारलंच.

"प्राचीन ग्रीक शिकतेय," त्या म्हणाल्या. "ही कोकराची रूपं. कोकराचं, कोकराला, सगळी सापडतात. पण कोकरू कर्ता असलेलं रूप जुन्या ग्रंथांत क्वचितच दिसतं."

"असं का?"

"मला वाटतं, कोकरू स्वतः काही करतच नाही ना! त्याला आणतात, नेतात, कापतात."

तेच डोक्यात घोळवत मी ऑफिसला पोहोचलो. त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये वीकेंडचं काम नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात पडणार होतं. मॅनेजरने माझं नाव घेतलं आणि मी चक्क म्हणालो, "मी करणार नाही." त्याने काळजीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

सोमवारी आजींना हे सगळं सांगितलं.

"मग काम केलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"मॅनेजरने."

आजी एवढ्या मोठ्याने हसल्या की अख्खा डबा आमच्याकडे वळून पाहू लागला.