गजूचं साक्षगंध आणि इंजिनाची ठकठक

माझ्या धाकट्या भावाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही दोन तास उशिरा पोहोचलो, आणि हे काम मी कुणाचीही मदत न घेता पार पाडलं.

गजू शेती करतो. त्यामुळे एकोणीस ठिकाणांहून नकार आला होता. (एका घरी तर चहा येण्याआधीच!) शेवटी केनवडला जमलं; पण मुलीची आत्या अजून धुसफुसत होती, "शेतकऱ्याले काहून देता? नोकरीवाला पाहा ना!" तिला बोलायला निमित्त मिळू नये म्हणून अकराच्या ठोक्याला तिथे हजर राहायचं ठरलं.

सकाळी बघतो तर गाडीत पेट्रोलचा काटा तळाला! पंपावर ही भली मोठी रांग. तेवढ्यात गजूच्या शेतातल्या खोलीत भरलेली कॅन असल्याचं मला आठवलं. शेत वाटेवरच. मी सगळी कॅन टाकीत रिकामी केली.

"दादा, त्या कॅनमंदी..."

"तू नवरदेव हायेस. चूप बस!"

पुढच्या चढावर इंजिन ठकठक करायला लागलं. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे घालून हलवावेत, तसा आवाज!

"अवो, हे काय वाजून राह्यलं?" बायकोने, म्हणजे सुनंदाने विचारलं.

मला हेच हवं होतं. मी सांगायला सुरुवात केली. इंजिनावर एक नॉक सेन्सर बसवलेला असतो. आतलं पेट्रोल नीट जळायचं सोडून मधेच स्वतःहून भडकलं, की ठकठक होते. सेन्सर ती थरथर ओळखून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर ठिणगी जराशी उशिरा पाडतो. मग ठकठक थांबते, पण गाडीचा जोर कमी होतो.

"आणि आपल्या गाडीचा जोर कमी झालाय. म्हंजे सेन्सर बिघडला! त्याले उगाच आवाज येऊन राह्यले."

"आवाज तर मलेबी येऊन राह्यला!"

(हिला गाडीतलं काय कळतं, असं मी तेव्हा मनात म्हणालो. आता मनातसुद्धा म्हणत नाही.)

मी बॉनेट उघडलं, हात घातला, चटका खाल्ला आणि सेन्सरचा प्लग उपटला. पांढऱ्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत काळी! गाडी सुरू करताच समोर पिवळा दिवा लागला, मागून निळा धूर निघाला, कॉम्प्युटरने सावधगिरी म्हणून जोर आणखी तोडला आणि वेग इतका पडला की एक सायकलवाले काका शेजारून जाताना आपुलकीने म्हणाले, "धक्का मारू काय?"

"दादा, आता तरी आयक..."

"गजू!!"

वाटेतल्या रिठद गावी कसेबसे पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. आत्याचा चेहरा डोळ्यांपुढे दिसत होता. मेकॅनिक सलीमभाईंनी प्लग परत जोडला, आपलं यंत्र लावलं आणि इंजिनाच्या अंगावर पान्याने टकटक केलं. यंत्रावरचे आकडे लगेच हलले.

"भाऊ, सेन्सरले बराबर आयकू येते. आयकू येत नसन तर तुमालेच."

मग त्यांनी टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि भुवया चढवल्या. "इसमें क्या डाला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गजू डोक्याला हात लावून ओरडला, "फवारनीच्या पंपाचं पेट्रोल हाय ते! ऑइल मिसळलेलं हाय त्यात! मागच्या हंगामाचं! मी सकाळपासून तेच सांगून राह्यलो!"

टाकी रिकामी करून चांगलं पेट्रोल भरलं. ठकठक बंद! त्या मुक्या सेन्सरने आणि माझ्या सख्ख्या भावाने एकच तक्रार केली होती, आणि मी दोघांचीही तोंडं बंद केली होती. लाज वाटली. (पण वाटेत कुणाला दाखवली नाही.)

केनवडला एक वाजता पोहोचलो. मांडवात सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. आत्या कमरेवर हात ठेवून उभी. मुलीच्या आजोबांनी माझी बाही न्याहाळत विचारलं, "काय झालं व्हतं, पाव्हणे?"

मी घसा खाकरेपर्यंत सुनंदाने सगळं सांगून टाकलं. एक शब्द गाळला नाही! मांडवभर हसू पसरलं.

"अन् हे मोठे भाऊ करतात काय?" आजोबांनी डोळे पुसत विचारलं.

"नोकरी हाय त्यायले. कॉलेजात फिजिक्स शिकवतात," सुनंदाने सांगितलं.

आजोबा आत्याकडे वळले. "बोल बाई, पाह्यजे का अजून नोकरीवाला?"

"नोको बाप्पा!" आत्याने घाईघाईने कुंकवाचं ताट उचललं. "शेतकरीच बरा!"

गजूचं लग्न मीच जमवलं, हे मी आजही चारचौघांत छातीठोकपणे सांगतो. कसं जमवलं, ते सुनंदा सांगते.