दोन चटयांमधली आई

वायरोआ गावात हुरियाला सगळे ओळखत ते तिच्या जिभेमुळे. लोकरीच्या शेडमध्ये लोकर निवडण्यात तिचं उभं आयुष्य गेलं, आणि मेंढ्या कातरणाऱ्या बाप्यांना तिने पार नाकीनऊ आणलं. पन्नाशीनंतर मात्र तिने भलतंच खूळ घेतलं: हराकेके झुडपाच्या लांब, चिवट पातींत तांब्याची तार विणायची, म्हणजे हात लावला की चटई बोलेल.

आज मराएच्या, म्हणजे गावकीच्या सभाघराच्या, भिंतीवर तिच्या दोन चटया टांगल्या होत्या. एकीवर एकाचा हात, दुसरीवर दुसऱ्याचा, आणि दोघांचं अंग एकमेकांना टेकलेलं असलं, तरच तिच्या मेलेल्या आईचा जुन्या टेपवर राहिलेला आवाज यायचा. स्पर्श सुटला की आवाज बंद.

स्वतः आणि आपली मुलगी, असा तिचा बेत होता. पण मराएतले सगळ्यांत वडीलधारे, कोरो म्हणजे आजोबा मातिउ, काठी आपटून म्हणाले, "आई लेकरांची. पहिला हात लेकरांचाच. पाओरा, ये पुढे."

पाओरा हुरियाचा सख्खा भाऊ. आईचं प्रेत इथे, याच घरात ठेवलेलं असताना आईच्या माहेरची माणसं ते आपल्या गावी पुरायला मागायला आली होती, आणि पाओराने बहिणीला न विचारता होकार दिला. आई डोंगरापलीकडे रुआताहुनाला गेली. हुरिया मातीलाही गेली नाही. तेव्हापासून भावाशी एक अक्षर नाही.

"ह्याच्याबरोबर नाही, कोरो."

"मग ने गुंडाळून. मुक्या चटया काय स्वयंपाकघरात अंथरू?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

पाओराने डावीकडच्या चटईवर पंजा टेकला, दुसरा हात पुढे केला आणि तसाच ताटकळत राहिला. तो हात धरायचा म्हणजे आईला नेऊ दिलंस ते बरं केलंस, असं म्हणण्यासारखंच होतं. हुरियाचा संताप संताप झाला. आणि आवाज तर तिला हवा होता, फार हवा होता.

तिने उजव्या चटईवर तळवा ठेवला. भावाचा हात बाजूला सारला, आणि झुकून, मयताला आलेली माणसं इथे लावतात तसं, त्याच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. चटयांतून आई बोलली:

"पाव जाळलास ना परत, हुरिया? आणि तो पाओरा कुठे उलथलाय? ईल मासे काय आपल्या पायांनी धुरावर चढणारेत?"

पाओराला हुंदका फुटला, नाक घसरलं, आवाज तुटला.

"हलू नकोस, गाढवा!" हुरिया ओरडली आणि त्याची मान धरून त्याला परत टेकवलं.

आईची कटकट संपली तरी तिने मान सोडली नाही.

"तिच्यावरचं गवत कोण काढतं?"

"मीच."

"नीट काढत नसशील. रविवारी मला घेऊन चल."