जपानी गाडीची समोरची काच

स्वारगेटवर चिपळूणच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, एक जाड गोधडी आणि सुतळीचं बंडल एवढंच सामान होतं. शेजारच्या प्रवाशाने गोधडीकडे बघून विचारलं, "कोकणात कसली आलीय एवढी थंडी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी नाही, काचेसाठी घेतलीय." त्यानंतर तो चिपळूणपर्यंत माझ्याशी बोलला नाही. वेडा समजला असणार. समजू दे, तो काही पहिला नव्हे.

काचेची हकिगत आधी सांगायला हवी. माझ्याकडे एक जुनी जपानी स्पोर्ट्‌स गाडी आहे. दोनच माणसांची, बुटकी, कापडी छप्पर मागे दुमडता येणारी. आफ्रिकेतून परतलेल्या एका कुटुंबाने ती सोबत आणली आणि पुढे कंटाळून कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी टाकून दिली. मी ती तिथून ढकलत घरी आणली. दिवसा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारायच्या आणि संध्याकाळी हिच्याखाली उताणं पडायचं, असा माझा बरीच वर्षं क्रम आहे. इंजिन खोलून परत भरलं, पत्रा ठोकून सरळ केला, जो सुटा भाग मिळाला नाही तो लेथवर करून घेतला. वहिनी म्हणते, "भावजींनी गाडीशीच लग्न लावलंय." लावलं तर लावलं. गाडी निदान टोमणे मारत नाही.

समोरची काच मात्र मी माझ्याच हाताने घालवली. ती बसवताना रबराच्या खाचेत दोरी घालतात. एकाने बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी ओढत जायची, म्हणजे रबर पत्र्यावर चढत जातं. काम दोन माणसांचं. मी एकट्याने करायला गेलो. बाहेरून दाबायचं, धावत आत जायचं, वीतभर दोरी ओढायची, पुन्हा बाहेर. अशाने काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. तसली बाकदार काच आपल्याकडे कोणी करून देत नाही. पुण्या-मुंबईचे सगळे काचवाले पालथे घालून झाले. काच मिळाली नाही तर गाडी कधीच रस्त्यावर येणार नव्हती आणि माझ्या एवढ्या वर्षांच्या संध्याकाळी अंगणातच गंजणार होत्या.

अशात ऑफिसातला गुहागरकडचा एक जण चहा पिताना सहज म्हणाला, "आमच्या वेळणेश्वरच्या बाजूला एका तांडेलाकडे (गलबताचा कप्तान) असलीच चपटी गाडी आहे. होडीच्या खोपीत ठेवलीय." मी चहा अर्धा टाकून रजेचा अर्ज लिहायला घेतला.

कुंभार्ली घाट उतरताना हवा बदलते ती आधी कपाळाला कळते. घाम सुटला. दसरा नुकताच झाला होता, खाली भाताची खाचरं पिवळी पडली होती आणि बायामाणसं वाकून कापणी करत होती. चिपळूणला गाडी बदलली, गुहागरला पुन्हा बदलली. शेवटच्या गाडीच्या कंडक्टरने मला एक फाटा आधीच उतरवून दिलं आणि घंटा मारून तो मोकळा झाला. मग काय, गोधडी डोक्यावर घेऊन कातळावरून (जांभ्या दगडाचं उघडं पठार) चालत सुटलो. सावलीला झाड म्हणून नाही. दूर खाली समुद्र दिसत होता, पण मी त्याच्यासाठी आलो नव्हतो.

उतारावर एक बाई भाताचा भारा घेऊन येत होती. तिला विचारलं, "तांडेलांचं घर कुठे?"

"गाडीवाल्या तांडेलाचा?" ती भारा न उतरवता म्हणाली. "माडांत उतरा नि वास येल तिकडं चालत ऱ्हावा."

वासाचं मला कळलं नाही. माडांत उतरलो आणि कळलं. वाळत घातलेल्या मासळीहूनही उग्र असा तेलाचा वास एका खोपीतून येत होता. खोप म्हणजे होड्या पावसाळ्यात ठेवायला बांधलेला, माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारलेला आडोसा. आत होडी नव्हती. आत माझीच गाडी उभी होती. तेच गोल दिवे, तीच बुटकी ठेवण, फक्त रंग निळा. आणि डाव्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. गाडीत बसून कुठेतरी चालल्यासारखे नव्हे, कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखे.

हेच तांडेल. मी नाव-गाव सांगितलं आणि माझ्या घरी अशीच गाडी आहे म्हणालो. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हीच? अशीच?"

"अशीच तात्या. माझी पांढरी आहे."

"मग बसा वायच," ते म्हणाले (वायच म्हणजे थोडं). मी चालकाच्या बाजूचं दार उघडायला गेलो तर त्यांनी हात आडवा केला. "तिकडं नको. ती पोराची जागा हाय."

पोरगा बोटीवर इंजिनिअर होता. त्यानेच ही गाडी जपानमधून आणून मुंबईच्या गोदीत उतरवली आणि इथवर चालवत आणली. एक उन्हाळाभर वडलांना शेजारी बसवून त्याने कातळ पालथा घातला. मग पुन्हा बोटीवर गेला तो एका परक्या बंदरात उतरून तिकडेच राहिला. आधी खुशाली यायची, नंतर तीही थांबली. त्याची आई त्याआधीच वारलेली. तांडेल तेव्हापासून एकटे होते, आणि रात्री घर सोडून कुठेही जात नव्हते. पोर आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर काय, असं त्यांचं म्हणणं.

गाडीची निगा त्यांनी होडीची राखतात तशी राखली होती. दरसाल पावसाआधी वर झापं आणि खालून-वरून माशाचं तेल. होडीला जे चालतं ते गाडीला का चालू नये? दाराची, काचांची सगळी रबरं त्या तेलाने फुगून पावासारखी झाली होती. सीटच्या कापडातसुद्धा बोट दाबलं की तेल वर येई. मी नाक मुठीत धरून काच तपासली. काच मात्र स्वच्छ होती, एक ओरखडा नाही.

रात्री त्यांनी स्वतः रांधलं. तिसऱ्यांचं कालवण, गरम भात, वर कोकमाची कढी. मी सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, शिंपल्यातलं काढून खाण्याची सवय नाही. निम्मं सदऱ्यावर सांडलं. "सावकाश," ते म्हणाले, "तुमचा कोण वाट बगतोय?" त्यांनी थट्टेने विचारलं होतं. मी काचेचा विषय काढला.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "देवीला इचारल्याबिगर नाय जमायचा. सकाळी कौल लावू."

इकडे घर बांधायचं, म्हैस विकायची, मुलगी द्यायची, सगळ्याला ग्रामदेवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मी ओटीवर पडलो आणि मनातून चांगलाच वैतागलो. देवीला मोटारींमधलं काय कळणार? आणि डावी पडली तर? एका कळीवर माझी गाडी अडकली होती. झोप अशी लागलीच नाही.

सकाळी देवळात आम्ही तिघंच, तांडेल, मी आणि गुरव. गुरव उंच, शिडशिडीत माणूस. त्याने पाषाण पुसला, तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवून लावल्या आणि तांडेलांकडे वळून विचारलं, "काय इचारायचा?"

मी हात जोडून उजव्या कळीकडे बघत उभा होतो. तांडेल म्हणाले, "पोर परत येणार काय, येवढाच इचार."

गुरवालाही हे नवीन असावं. मग त्याने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझ्या लेकराचा पोरगा दर्यापार गेलाय. तो घराकडं परत येणार असंल तर उजवी दे. येणार नसंल तर डावी दे, नि याच्या जिवाचा घोर संपव."

काचेचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. पण मला बरोबर कळलं. पोरगा येणार असेल तर त्याची गाडी कोण मोडणार? मला काच हवी होती, म्हणजे डावी कळी हवी होती, आणि तसं मनातल्या मनातही म्हणवेना. मी हात खाली सोडले आणि नुसता उभा राहिलो. समईची वात चरचरत होती. बाहेर कुणीतरी बैलांना हाकत होतं. बराच वेळ दोन्ही कळ्या जागच्या हलल्या नाहीत, आणि मला वाटायला लागलं की देवीलाही हे सांगवत नसेल.

डावी पडली.

तांडेलांनी वाकून ती उचलली, टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर घातली. गुरव माझ्याकडे वळला. देवळात आलेल्या परक्यालाही विचारायची पद्धत असावी. "पाव्हणे, तुमचा काय इचारायचा हाय?"

पन्नाशीला आलेला माणूस मी. कोण येईल का, कोण बरं होईल का, कोणाचं जमेल का, असं विचारण्यासारखं एकही माणूस मला आठवेना. "काही नाही," मी म्हणालो. "माझं काही नाही." गुरवाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

वाटेत तांडेल एवढंच बोलले, "चला. काच काढू."

रबर इतकं फुगलं होतं की दोरी-बिरीचा प्रश्नच नव्हता. मी बाहेरून मासळी कापायच्या सुरीने ते कापत गेलो. ते डाव्या सीटवर बसून आतून तळव्याने काच रेटत होते. डावी बाजू सुटली. उजवी रेटायला पलीकडच्या सीटवर सरकायला हवं होतं. ते थांबले. शेवटी ते गियरवरून पाय टाकून पोराच्या जागेवर गेले, स्टिअरिंगच्या चाकावर एकदा हात ठेवला आणि खांद्याने काचेला रेटा दिला. काच अलगद माझ्या हातांत आली. मला केवढा आनंद झाला होता, आणि तो दाखवायची सोय नव्हती.

त्याचं काय द्यायचं हे मी विचारलं तर ते रागावलेच. मग मी दुसरं काहीतरी करायचं म्हणून गाडीची उघडी चौकट झापांनी नीट झाकून दिली. काच गोधडीत गुंडाळून सुतळीने आवळली आणि आम्ही दोघांनी मिळून ती फाट्यावर आणली.

एसटीची वाट बघताना त्यांनी विचारलं, "बसवताना आत कोण बसणार?"

"बघू कुणीतरी."

"कुणीतरी म्हंजे कोण?"

मी सुतळीची गाठ पुन्हा आवळली. ते समुद्राकडे बघत म्हणाले, "भात झोडून झाला की मी येतंय पुण्याला. पत्ता द्या. आता घराला कुलूप लावायला हरकत नाय."

मी पत्ता दिला. एसटी आली. त्यांनी काच खालून वर दिली, मी वरून घेतली आणि गाडी सुटली. मागे वळून बघितलं तर ते तिथेच, टोपी हातात घेऊन तिच्यातल्या कळीकडे बघत होते.

परतीच्या प्रवासात काच खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी. गोधडीला तेलाचा असा वास मारत होता की पुढच्या बाकावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. कंडक्टर म्हणाला, "मासळी टपावर टाका." मी म्हटलं, "काच आहे." त्याचा विश्वास बसेना, सुतळी सोडून दाखवावी लागली. घाटात प्रत्येक वळणाला मी तिला दोन्ही हातांनी मिठी मारून बसत होतो. लोक हसत होते. पुण्यात उतरलो तेव्हा खांदे भरून आले होते, पण काचेला ओरखडा नव्हता.

आता दिवाळी होऊन गेलीय. थंडी पडलीय. काच माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे आणि खोलीला अजून वास येतो. नवं रबर तयार आहे, दोरी तयार आहे. शेजारच्या कुणालाही हाक मारली असती तर काम तासाभरात झालं असतं. वहिनीने तर तिच्या भावाला पाठवते म्हणून दोनदा निरोप धाडला. मी नको म्हटलं.

ऑफिसला जाताना हल्ली मी किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवून जातो. त्यांना सांगून ठेवलंय, कोकणातून एक म्हातारे गृहस्थ येतील, टोपी असेल, मी नसलो तरी दार उघडून द्या. संध्याकाळी घरी आलो की आधी काकूंकडे बघतो. त्या मान हलवून किल्ली परत देतात. कोकणात भात कधी झोडून होतं ते मी ऑफिसातल्या गुहागरकराला इतक्यांदा विचारलंय की तो मला चुकवायला लागलाय.

गुरवाने आज विचारलं तर माझ्याकडे प्रश्न आहे. पण कौल लावायची माझी छाती होणार नाही. डावी पडली तर काय करायचं?