तू कुटत राहा

आमच्याकडे भाजी नसली तरी चालायचं, चटणी लागायचीच. वरणभात असो की भाकरी, ताटात लसूण-खोबऱ्याची, शेंगदाण्याची चटणी नाहीतर हिरव्या मिरचीचा ठेचा. आई मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायची आणि लसूण, खडेमीठ घालून लोखंडी खलबत्त्यात कुटायची. भरड ठेवायची. बारीक केली की चव जाते, असं तिचं मत होतं.

माझ्या हातची मात्र कायम बारीक व्हायची.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आमच्या दोन खोल्या होत्या. शेजारी पापड लाटणारी सिंधी चाची, तिची आणि आमची भिंत एकच. वडील मारायला उठले की आई आधी माझ्याकडे बघायची. "खलबत्ता घे. तू कुटत राहा." शेजारी कळू नये म्हणून. पट्टा, लाथ, भिंतीवर आपटलेलं डोकं. आतून एक आवाज आला की मी दोन घाव घालायचे. मिरचीचे शिंतोडे डोळ्यांत जायचे, पण थांबायची सोय नव्हती. मी थांबले तर आई ऐकू गेली असती. धाकटा भाऊ खाटेखाली बसलेला असायचा. मारणं लांबलं की चटणी पिठासारखी व्हायची. मग वडील हात धुऊन जेवायला बसायचे. "आज चांगली झालीय." आई ओठ पुसून त्यांना दुसरी भाकरी वाढायची.

वडील गेले. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि बदलापूरला बेलवलीत एकटी राहू लागले. घरात खलबत्ता ठेवला नाही. भावाचं लग्न झालं, तो आणि भावजय आईसोबत त्याच दोन खोल्यांत राहिले. मी रविवारी गेले की आई शेंगदाण्याच्या चटणीची बरणी भरून द्यायची. अलीकडे ती चटणी फार बारीक असायची. दात गेलेत, म्हणून करत असेल, असं मी धरून चालले.

यंदा आई गेली. पाचव्या दिवशी मी तिथेच होते. आमच्यात सुतकात फोडणी देत नाहीत. आदल्या दिवशी भावानेच ताट सारलं होतं, "याला काही चव आहे का?" म्हणत. म्हणून आज भावजयीने दह्यातल्या चटणीवर चमचाभर फोडणी घातली. वास बाहेर जाताच भाऊ आत आला.

"आईला जाऊन पाच दिवस झाले नाहीत, आणि तुला चमचमीत पाहिजे?"

वाटी भिंतीवर गेली. केस धरून त्याने तिचं तोंड ओट्यावर आदळलं. सांडलेल्या दह्यात रक्त पडलं. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, कुटा ना."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"आई कुटायच्या."

माझ्या घरातल्या, बारीक चटणीच्या त्या बरण्या मला आठवल्या. शेवटची अजून अर्धी होती. पाच दिवस मी आईसाठी रडत होते; आता तिचा राग आला, आणि रडणंही थांबेना.

माझा हात सवयीने बत्त्यावर गेला होता. रिकाम्या खलात एक घाव पडलासुद्धा. मग मी बत्ता खाली ठेवला आणि बाहेरचं दार उघडलं.

"ताई, दार लाव. लोक ऐकतील," भाऊ म्हणाला.

"ऐकू दे."

त्याने पुन्हा मारलं. तो आवाज गल्लीत गेला. चाची हातात लाटणं घेऊन उंबऱ्यात आली. "छोड़ उसे."

"चाची, घर का मामला है."

"तेरे बाप के टाइम से सुन रही हूँ. चार लोगों का घर, और रोज़ किलो-किलो चटनी? मैं पागल हूँ क्या?"

भावाचा हात खाली आला. चाचीला सगळं माहीत होतं आणि इतकी वर्षं ती आली नव्हती. पण दार तरी आम्ही कुठे उघडलं होतं?

मी भावजयीला रिक्षात बसवून बेलवलीला आणलं. संध्याकाळी तिने मिरच्या भाजल्या आणि खलबत्ता मागितला. नाही म्हटल्यावर तिने पेला घेऊन त्याच्या बुडाने मिरच्या तव्यातच रगडल्या. फारसा आवाज झाला नाही. ठेचा भरड राहिला, मीठही जास्त पडलं होतं. फुटलेल्या ओठाला तो झोंबत होता, तरी ती खात होती. भावाचे फोन येऊन तिचा मोबाइल वाजत राहिला. तिने तो उपडा ठेवला आणि दुसरी भाकरी घेतली.