लाल पाटी आणि न वाजवलेला हॉर्न

ब्रेकवर पाय दिला तो थेट तळाला गेला. पुन्हा दिला. तेच. आमच्या जुन्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालायचे, आणि प्रेशरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली येत होता. कुठंतरी पाइप फुटला होता. हँडब्रेक ओढला, तो नुसता जळका वास देऊ लागला.

पुढं आमच्या गावचा उतार. दोन्ही बाजूंना दुकानं, उतार संपतो तिथं स्टँड, आणि स्टँडात माझी पोरगी सुजाता.

आमच्याकडं गाडी थांबेपर्यंत दम कुणाला? हॉर्न ऐकला की माणसं गाडीबरोबर पळत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत टाकतात. टाकलं की सीट आपली. सुजाता लातूरला कॉलेजला जायची. माझा हॉर्न, एक लांब आणि दोन आखूड, ती लांबून ओळखायची आणि सगळ्यांच्या आधी पळत येऊन माझ्या मागच्या खिडकीत ओढणी फेकायची.

कंडक्टर गौतम पुढं आला. मी हळूच म्हणालो, "ब्रेक गेला."

त्याचा चेहरा उतरला. "उस्ताद, हॉर्न मारा. लोकं बाजूला व्हतील."

"व्हत न्हाईत. उलट पळत समोर येत्यात. लाल पाटी लाव."

"लग्नाची?"

"हाव. नांदेड-लातूरची पाटी खाली घे."

आमची कंपनी मालकांच्या वडिलांनी एका गाडीवर सुरू केली, तीही वऱ्हाडं वाहायला. पुढं रोजच्या फेऱ्यांची लाइन मिळाली, गाड्या वाढल्या, पण प्रत्येक गाडीत 'लग्नाची गाडी' अशी लाल पाटी ठेवायचा नियम तसाच राहिला. आम्ही त्या पाटीला हसायचो. त्या दिवशी गौतमनं ती पुढच्या काचेत लावली.

मी गिअर खाली घेतला. इंजिन गाडीला मागं ओढतं, पण उभी करत नाही. हेडलाइट लावून मी स्टँडात वळलो. गर्दी उठली. पाटी वाचली. परत बसली. सुजाता पुढं आली होती, हातात ओढणी. तिनंही पाटी बघितली आणि मागं सरली. स्टँडाच्या मैदानाच्या टोकाला मुरमाचा ढीग होता, त्याच्यावरच मी नेम धरला होता; त्यात गाडीचं नाक घुसलं आणि गाडी थांबली.

मालकांचा फोन आला. "गाडी लग्नाला कोनं दिली? लोकं बोलून राहिले."

"ब्रेक नव्हता म्हणून पाटी लावली, मालक."



सुजाता खिडकीखाली आली. "पप्पा, हॉर्न का न्हाई वाजवला? मी पळत आले असते की."

पुढं रिटायर होईपर्यंत मी गाडी उभी करून, इंजिन बंद करून मगच हॉर्न वाजवला. जागा न मिळालेल्यांनी लई शिव्या दिल्या. त्यात सुजाताही होती.