शिमला मिरची जळाली ती दुपार

उज्जैनहून इंदूरकडे जाताना रस्त्यात एक थीम पार्क लागतं. फाटकावर सिमेंटचा गोरिला, आत प्लास्टिकचा ज्वालामुखी, घसरगुंड्या, पाळणे, लाटांचा तलाव. मी तिथे बऱ्याच वेळा गेले आहे आणि पाण्यात एकदाही उतरलेले नाही. मी जाते ती तलावामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे कोळशाच्या शेगडीवर, लोखंडी सळयांना ओवून पनीर, शिमला मिरची, कांदा, अननस असं भाजून देतात. बोर्डावर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण सगळे त्याला 'सीखवाला' म्हणतात. नॉनव्हेजची शेगडी मागच्या बाजूला वेगळी आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्याची दोनदा खात्री करून घेतली होती.

आमच्या घरात नाकाचे धनी माझे यजमान. नोकरी वीज मंडळात, पण खरं काम वास घेणं. उज्जैनमधल्या माधव नगरच्या आमच्या घरात ते पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे आणि तिथूनच ओरडायचे, "अगं, गॅस कमी कर, मोहरी करपली." फ्रीगंजच्या बाजारात हिंग घ्यायला गेलो की दुकानदार आधी त्यांच्यासमोर डबी उघडून धरायचा. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला राम घाटावर गेलो होतो तेव्हा तूप वनस्पती आहे हे त्यांनी दोन हातांवरून ओळखलं आणि भर विधीत मला कोपराने ढोसलं. तूप मीच घाईघाईत कोपऱ्यावरून आणलं होतं. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि हे कानाशी पुटपुटत होते, "बाबा उठून बसतील आता."

कौतुक ते क्वचित करायचे. चुका मात्र रोज काढायचे. आमटीत गूळ उशिरा पडला, कढीला आलं जास्त झालं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्यावर रडलेही आहे.

महामारीच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही आजारी पडलो. माझा ताप चार दिवसांत उतरला. त्यांना अकरा दिवस दवाखान्यात राहावं लागलं. घरी परत आले ते निम्मे होऊन, आणि वास-चव दोन्ही गमावून. डॉक्टर म्हणाले, येईल एक-दोन महिन्यांत. रोज सकाळी कापूर, लवंग, ओवा असं समोर मांडून ते हुंगत बसायचे, शाळेतला मुलगा पाढे म्हणतो तसे. काही महिन्यांनी त्यांनी ते बंद केलं.

एक दिवस दूध उतू जाऊन बर्नर विझला. गॅस सुरूच राहिला आणि हे तिथेच स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवत होते. मी न्हाणीघरातून बाहेर आले तर सगळं घर गॅसने भरलेलं. धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि भीतीपोटी त्यांना जे काही बोलले ते आता लिहवत नाही. त्या दिवसापासून मी त्यांना शेगडीला हात लावू दिला नाही. लग्नापासून आमच्याकडे सकाळचा पहिला चहा तेच करत. तोही मी माझ्याकडे घेतला. त्यांनी वाद घातला नाही. घातला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवसांत माझाही हात सैल पडला. ज्याला काही कळतच नाही त्याच्यासाठी कशाला वाटण-घाटण, असं मनात येई. एका संध्याकाळी मुगाची खिचडी केली. त्यांनी दोनदा घेतली. मग मी माझं ताट वाढून घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. मीठ घालायचंच राहिलं होतं.

"अहो, सांगायचं नाही का? मीठ बिलकुल नाहीये हिच्यात!"

"मला काय मालूम," ते म्हणाले. "तू केलीस म्हणजे चांगलीच झाली असेल, असं धरून चालतो."

मी उठून मोरीवर गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

असं वर्ष गेलं. उन्हाळ्यात पुण्याहून मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात आली. नातीला घसरगुंड्यांवर जायचं होतं म्हणून सगळे त्या पार्कमध्ये गेलो. हे नको म्हणत होते. "मी काय करू तिथे?" नातीने हात ओढला तेव्हा आले. दिवसभर छत्रीखाली आमच्या चपला आणि टॉवेल राखत बसले.

तीनच्या सुमाराला सगळ्यांना कडकडून भूक लागली. जवळ होता तो सीखवाला. प्लास्टिकच्या खुर्च्या, डगमगणारं टेबल, ओल्या कपड्यांतली माणसं. आम्ही पनीरच्या आणि मशरूमच्या सीख सांगितल्या. ह्यांची पाठ शेगडीकडे होती. मुलगा मोबाईलवर फोटो बघत होता, सून नातीचे केस पुसत होती. वारा फिरला आणि धूर आमच्या टेबलावर आला. मी पदर नाकाला लावला.

"त्याला सांगा रे कोणीतरी," हे म्हणाले, "त्याची शिमला मिरची जळतेय."

"हां बाबा," मुलगा मान वर न करता म्हणाला.

मी पदर खाली घेतला. "काय म्हणालात?"

"मिरची जळतेय म्हटलं…" त्यांचा हात टेबलावर तसाच राहिला.

मी मागे वळून पाहिलं. भाजणारा माणूस कोणाशी तरी बोलत होता आणि शेगडीच्या कडेला एक सीख खरंच जळत होती. मिरचीचे तुकडे कोळशासारखे काळे झाले होते. ह्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं. मी उठून जवळजवळ पळतच गेले.

"भैया, वो जली हुई सीख हमको दे दो."

"अरे माताजी, वो तो खराब हो गई. दूसरी लगा देता हूँ ना."

"नहीं नहीं, वही चाहिए. जल्दी दो."

त्याला वाटलं असेल बाईला ऊन लागलं. त्याने सीख कागदी प्लेटमध्ये ठेवून दिली. ह्यांनी ती दोन्ही हातांत धरली, नाकाजवळ नेली, डोळे मिटले. मग मिरचीचा एक तुकडा दातांनी ओढून काढला आणि चावत राहिले.

"कडू आहे," ते म्हणाले. "अगं, कडू लागतंय!"

"मग थुंकून टाका ना, आजोबा," नात म्हणाली.

मुलगा-सून हसायला लागले आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरले. ह्यांनी ती अख्खी सीख संपवली. ओठ काळे, बोटं काळी. मग अजून दोन मागवल्या आणि भाजणाऱ्याला बजावलं, "भैया, मिर्च जला के देना." तो मान हलवत हसला.

सुरुवातीला त्यांना नुसता धूर आणि करपलेलं एवढंच कळायचं. म्हणून मग आम्ही दोघंच दीड-दोन महिन्यांतून एकदा तिथे जायला लागलो. बसने जायचं, दोघांची तिकिटं काढायची, सगळे झुले मागे टाकून सरळ शेडमध्ये जाऊन बसायचं. फाटकावरचा माणूस हसायचा, "बाबूजी, कभी पानी में भी उतरो." त्या शेडमध्ये समोरासमोर बसून आम्ही जेवढं बोललो तेवढं सगळ्या संसारात बोललो नव्हतो. घरी मी ओट्याशी आणि ते पुढच्या खोलीत, बोलणं व्हायचं ते भिंतीपलीकडून. इथे मला काही करायचं नसायचं. लग्न झालं तेव्हा मला गाणं शिकायचं होतं, हे मी त्यांना तिथे पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी हातातली सीख प्लेटमध्ये ठेवली. "विचारलं नाही मी कधी," म्हणाले.

हळूहळू आल्याचा वास परत आला, मग हिंगाचा, मग भिजलेल्या मातीचा. एका सकाळी जाग आली ती चहाच्या वासाने, आणि मी उठून काही बोलले नाही, पडूनच राहिले. मोगरा मात्र त्यांना शेवटपर्यंत परत आला नाही. मी गजरा माळला की ते मुद्दाम मान वाकवून हुंगायचे आणि म्हणायचे, "वा!" ते खोटं आहे हे मला कळायचं. मला कळलंय हे त्यांनाही कळत असावं.

त्या दुपारनंतर आम्हाला पावणेदोन वर्षं मिळाली. एका सकाळी फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला ते पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टरकडे नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगा पुण्याला चल म्हणतो. जाते मी, महिनाभर राहते, परत येते. सून माझ्या हातचं मन लावून जेवते आणि प्रत्येक वेळी म्हणते, "आई, मस्त झालंय." सगळंच मस्त कसं असेल? कोणीतरी म्हणावं ना, गूळ उशिरा पडला म्हणून.

गेल्या महिन्यात मी एकटीच त्या पार्कमध्ये गेले. घरातून निघाले तेव्हा बँकेत जाऊन येते, असं शेजारणीला सांगितलं. कशाला, ते माझं मलाच कळलं नाही. शेडमधला माणूस तोच होता, केस पांढरे झालेले. त्याने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि कोळशाला वारा घातला. थोड्या वेळाने म्हणाला, "मिर्च जला दूँ, माताजी?"

"जला दो," मी म्हटलं.

मला करपलेलं कधीच आवडलं नाही. तरी मी ती सीख पूर्ण खाल्ली. कडूच होती. तलावावरून पोरांचा आरडाओरडा येत होता, पाण्याच्या लाटा सोडण्याआधी भोंगा वाजत होता. मला फार वाटलं की कोणाला तरी म्हणावं, बघा, मी एकटी आले. ज्यांना म्हणायचं ते एकच माणूस होतं.

संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. पार्कमध्ये गेले होते, एवढं मी तिला सांगितलं. आता ती नऊ वर्षांची आहे, तिला सगळं सविस्तर लागतं.

"आजी, तू स्लाइडवर बसलीस?"

"नाही गं."

"पाण्यात?"

"नाही."

"मग गेलीस कशाला?"

"भूक लागली होती."

"घरी काही नव्हतं का?"

"होतं की," मी म्हटलं.